एक मुक्काम पुढे

सगळ्या ग्वाल्हेर संस्थानात कुटुंबाची सहल आखावी तर ती आमच्या भावजींनीच, आणि त्या सहलीत कुणाला सापडू नये तेही आमच्या भावजींनीच. भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. दरबारच्या फरासखान्यात, म्हणजे तंबू, कनाती आणि सतरंज्यांच्या खात्यात, त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. शिकारीचा कॅम्प असो की कुणा पाहुण्या संस्थानिकाची बडदास्त असो, तीन-चारशे माणसं भर जंगलात नेऊन बसवायची आणि प्रत्येकाला पहाटे वेळेवर गरम पाणी द्यायचं, हे त्यांच्या डाव्या हातचं काम. त्यामुळे त्यांची नजरच तशी होऊन बसली होती. कुठंही गेले तरी त्यांना माणसं दिसत नसत, जागा दिसे. आमच्या एका नातलगांनी गावातल्या कंपू भागात टोलेजंग घर बांधलं. भावजींनी ते खालपासून वरपर्यंत पाहिलं, गच्चीवर जाऊन वाऱ्याची दिशा पाहिली आणि खाली येऊन म्हणाले, "घर झकास झालंय. पण जागा वाया गेली हो! दोनशे माणसांची छावणी आरामात बसली असती." पुढं मला मुलगी पाहायला दौलतगंजात नेलं तेव्हा वडीलधारे म्हणून भावजीच बरोबर होते. परत आल्यावर ताईनं अधीर होऊन विचारलं, "कशी आहे?" भावजी म्हणाले, "उत्तम. अंगणाला उतार आहे, पाणी साचायचं नाही." ते लग्न झालं, आणि माझ्या सासऱ्यांच्या अंगणात पाणी खरोखरच कधी साचलं नाही.

माझ्या लग्नाआधीच्या त्या दिवसांत मी एका शाळेत नुकताच मास्तर लागलो होतो आणि ताईकडेच राहत होतो. घरात तीन मुलं. थोरली कमल, मधला वसंत आणि शेंडेफळ छबी. मुलं गुणी, बाप प्रेमळ, आणि तरीही त्या घरात बाप मुलांशी थेट बोलत नसे. ही काही भांडणाची गोष्ट नव्हे, ती रीत होती. भावजींचे वडीलही त्यांच्याशी असेच आईमार्फत बोलत, आजोबाही तसेच. दरबारात अर्ज जसा वरून खाली आणि खालून वर हातोहात जातो, तसं त्या घरात बोलणं जाई. जेवताना वसंत समोर बसलेला असे, दोघांच्या मधे हातभर अंतर, आणि भावजी ताईकडे पाहून म्हणत, "वसंताला ताक हवं का, विचारा." वसंत म्हणे, "आई, नानांना सांग, मला नको." एकदा ताई वैतागून म्हणाली, "तुम्हा दोघांची बात इकडून तिकडं नेता नेता माझा भात थंड होऊन राहिलाय!" तेव्हा भावजी गोरेमोरे झाले. थोड्या वेळानं त्यांनी ताईलाच विचारलं, "वसंत हसला का?" वसंत समोरच बसला होता.

संध्याकाळी दारात जोडे वाजले की खिदळणारी मुलं चूप होत. भावजी ते ऐकत. खरं म्हणजे चूप झालेलं ऐकू येतं, तसं ऐकत. त्यांना ते लागे. मुलांना आपल्याजवळ कसं आणावं हा विचार त्यांच्या डोक्यात सतत चाले, आणि त्याचं उत्तर त्यांना सापडलं ते अर्थातच एका कॅम्पात. एक बडे सरदार, ज्यांची मुलं शहरात त्यांना फक्त दसऱ्याला मुजरा करण्यापुरती भेटत, ते शिकारीच्या मुक्कामावर शेकोटीपाशी सतरंजीवर मांडी ठोकून बसले होते, आपल्या हातानं शेंगा भाजत होते आणि धाकटं कार्टं त्यांची मिशी ओढत होतं. भावजी ते पाहून थक्क झाले. घरी येऊन मला म्हणाले, "मास्तर, माणूस तोच, मुलं तीच. फरक कसला? तंबूचा! बाप आणि मुलं यांच्या मधे घर येतं. घराबाहेर काढा, आपोआप जवळ येतात."

झालं! त्या दिवसापासून दरवर्षी सहल ठरू लागली. सहलीच्या आधी महिनाभर फर्द लिहिली जाई. फर्द म्हणजे यादी. पण यादी आपण चिठोऱ्यावर लिहितो, भावजींची फर्द बांधीव वहीत असे. प्रत्येक नगाला नंबर. छबीच्या बाहुलीच्या गळ्यातसुद्धा एकोणीस नंबरची चिठ्ठी होती आणि छबी तिला हाकही 'एकोणीस' अशीच मारू लागली होती. आठ दिवस आधी अंगणात रंगीत तालीम होई. भावजी शिट्टी वाजवत, मुलं आपापली वळकटी बांधत, ताई ओसरीवर कपाळाला हात लावून बसे. शेवटी कार्यक्रमाचा कागद भिंतीवर लागे. 'सहा वाजता मुखमार्जन. साडेसहा, दूध. सात ते साडेसात, वडिलांशी मोकळ्या गप्पा.' हा कागद वाचून वसंत घाबराघुबरा होऊन माझ्याकडे आला. "मामा, मोकळ्या गप्पांत काय पूछतात? कोणत्या किताबातून?"

पण खरी गंमत पुढंच आहे. राजेरजवाड्यांच्या स्वारीची एक पद्धत असते. स्वारी एका मुक्कामावर असते तेव्हा तंबूंचा दुसरा संच एक दिवस आधीच पुढच्या मुक्कामाला गेलेला असतो, म्हणजे स्वारी पोचते तेव्हा तंबू उभे, चुली पेटलेल्या, पाणी तापलेलं. या पुढं जाणाऱ्या सरंजामाला म्हणायचं पेशखाना. भावजींचं सगळं आयुष्य या पेशखान्यात गेलं होतं. मुक्कामावर पोचून माणसाला ताटकळावं लागलं तर तो चिडतो, आणि चिडलेला माणूस जवळ येत नाही, असं त्यांचं ठाम मत. तेव्हा घरच्या सहलीलाही पेशखाना हवाच. आता आमच्या घरी पेशखान्यात जाणार कोण? तेच. पहिली सहल तिघऱ्याच्या तलावावर गेली. आम्ही तांग्यानं पोचलो तर झाडाखाली सतरंजी अंथरलेली, चूल रसरसलेली, घंगाळात पाणी वाफाळतंय, आणि भावजी गायब. चुलीशेजारी दगडाखाली चिठ्ठी होती. 'उद्याच्या जागेची पाहणी करण्यास पुढे जात आहे. मुलांना जवळ घ्यावे.' कुणी घ्यावे ते लिहिलं नव्हतं. मुलांना मी जवळ घेतलं. चार वर्षं सहली झाल्या, आणि मुलं माझ्या इतकी जवळ आली की विचारू नका.

मग कमलचं लग्न ठरलं. मुलगा साताऱ्याचा, घर चांगलं, फाल्गुनातला मुहूर्त. ग्वाल्हेरची मुलगी दक्खनेत द्यायची म्हणजे ती वर्षाकाठी एकदा दिसली तर दिसली. सगळं घर आनंदात होतं, फक्त भावजी एकाएकी गप्प झाले. एके दिवशी शाळेच्या वाटेवर मला गाठून म्हणाले, "मास्तर, पोरगी सोळा वर्षं घरात आहे. तिला काय आवडतं, मला ठाऊक नाही. शपथेवर सांगतो, तिचा आवाज मी तिच्या आईशी बोलतानाच ऐकलाय." त्यांचे डोळे भरले होते. मी म्हटलं, "भावजी, मग आज घरी जाऊन तिच्याशी बोला ना." ते इतके दचकले की मीच वरमलो. "छे छे," ते म्हणाले, "असं एकदम कसं? तयारी नको का?"

आणि नाताळच्या सुट्टीत ती शेवटची सहल ठरली. छोट्या गाडीनं शिवपुरीपर्यंत. पहिला मुक्काम पनिहार, दुसरा मोहना, तिसरा शिवपुरी. लिलावात घेतलेल्या दोन जुन्या रावट्या घरात होत्याच, त्यांना ठिगळं लागली. कार्यक्रमाच्या कागदावर या खेपेला तीनदा एकच ओळ होती आणि तिच्याखाली तांबड्या शाईची रेघ. 'दुपार, वडील व चि. कमल, संवाद.' कमल तो कागद येता-जाता वाचे. ती फारसं बोलणारी मुलगी नव्हती. पण निघायच्या आदल्या दिवशी तिनं ताईला सांगून ठेवलं, "आई, नानांशी मी काय बोलू ते मी याद करून ठेवलंय. मधे तू नको बोलूस."

ती छोटी गाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिच्याबद्दल सांगायला नको. बोरं तोडायला उतरावं, ओंजळ भरावी आणि पुन्हा आपल्याच डब्यात चढावं, असा तिचा वेग. दुपारच्या गाडीनं आम्ही पनिहारला उतरलो. भावजींबरोबर आधीच आलेला, फरासखान्यातून पेन्शनीत निघालेला एक म्हातारा फरास तिथं होता, मागची आवराआवर त्याच्याकडे. रावटी ताठ उभी होती. पाणी तापलेलं. छबीसाठी लिंबाला झोका, वसंतासाठी गोफण, आणि जरा बाजूला, टेकड्या समोर दिसतील अशा जागी, दोन लहान सतरंज्या शेजारी शेजारी अंथरलेल्या. म्हातारा फरास हात जोडून म्हणाला, "साहब तो सबेरे की गाड़ी से आगे निकल गए." एका सतरंजीवर दगड आणि दगडाखाली चिठ्ठी. 'मोहन्याची जमीन ओलसर असल्याचे कळले. आजचा संवाद उद्या.' कमल दुसऱ्या सतरंजीवर जाऊन बसली. बराच वेळ टेकड्यांकडे पाहत बसली, मग तिनं चिठ्ठी घडी करून कमरेला खोचली.

मोहन्याला तेच. रावटी, पाणी, दोन सतरंज्या, चिठ्ठी. 'शिवपुरीस धर्मशाळेची खोली झाडून घेणे जरूर. उद्या खात्रीने.' ताईचा संताप अनावर झाला. "यांना म्हणावं, तुमच्या लेकीच्या लग्नालाही एक दिवस आधीच जाऊन या!" कमलनं मला हळूच विचारलं, "मामा, शिवपुरीच्या पुढं मुक्काम नाही ना?" मी म्हटलं, "नाही ग, शिवपुरी शेवटची. तिथून पुढं पळायला त्यांना जागाच नाही." ती हसली. दुसऱ्या दिवशी मोहन्याची रावटी परतीसाठी चौकीदाराच्या भरवशावर तशीच उभी ठेवून आम्ही निघालो.

भावजी असे का करत, हे मला तोवर हसण्यावारी नेण्यासारखं वाटत होतं. त्या दिवशी गाडीत कमलच्या हातातल्या दोन चिठ्ठ्या पाहून मला पहिल्यांदा कळलं की हा माणूस भितो. चारशे माणसांच्या पंगतीची व्यवस्था करणं त्यांना जमत होतं. एका पोरीच्या शेजारी सतरंजीवर बसून पहिलं वाक्य काय बोलावं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. जवळ येण्याची सगळी तयारी करायची आणि जवळ यायची वेळ झाली की पुढचा मुक्काम काढायचा. मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त त्यांची कीव आली.

सतनवाड्याला आमची गाडी थांबली. समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायची होती. थोड्या वेळानं ती धापा टाकत आली आणि शेजारच्या रुळांवर उभी राहिली. खिडकीसमोर खिडकी. आणि त्या समोरच्या खिडकीत, कानाला मफलर गुंडाळून, मांडीवर फर्दीची वही घेऊन, आमचे भावजी!

"अहो!" ताई किंचाळली. "तुम्ही उलटे कुठं निघालात?"

भावजी चोरी सापडल्यासारखे उठून उभे राहिले. "परतीचा मुक्काम!" ते ओरडले. "मोहन्याच्या मेखा ढिल्या आहेत! दोर आवळायला हवेत! तुम्ही निवांत जा, धर्मशाळेत सगळं तयार आहे. पाणी तापवायला सांगितलंय. कमलच्या आईला म्हणावं..." कमलच्या आईलाच ते हे सांगत होते. इतके ते गोंधळले होते.

आमच्या गाडीनं शिट्टी दिली. आणि कमल उठली. शाल खांद्यावर घेतली, आमच्या डब्यातून उतरली, मधल्या खडीवरून चार पावलं चालली आणि समोरच्या डब्याच्या पायरीवर चढली. दोन्ही गाड्यांतली माणसं माना काढून पाहू लागली. भावजींनी फर्दीची वही छातीशी धरली. शेवटी त्यांना जे सुचलं ते त्यांनी म्हटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा थेट तिला म्हटलं, "अग, पेशखान्याच्या फर्दीत तुझं नाव नाही!"

कमल त्यांच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "मग लिहा ना, नाना. मी येऊन राहिले तुमच्याबरोबर."

आमची गाडी हलली. वसंत खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळत ओरडला, "कमाल केली कमलताईनं, मामा!" ताईनं एकदा पदर डोळ्याला लावला आणि एकदा तोंडाला, आणि त्यात रडणं किती आणि हसणं किती हे मला अजून सांगता येणार नाही. शिवपुरीला धर्मशाळेत पाणी खरोखरच तापलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही मोहन्याला परतलो तेव्हा म्हाताऱ्या फरासाला भोवळ यायची बाकी राहिली. रावटी जमीनदोस्त झाली होती. सकाळी वारा सुटला, ढिल्या मेखा निघाल्या आणि ती बसली. तिला कुणी उठवलंच नव्हतं. चूल थंड. पाण्याचं घंगाळ उपडं. आणि त्या पडलेल्या रावटीच्या कापडावर भावजी मांडी घालून बसले होते, मफलर सुटलेला, समोर बोरांच्या बियांचा ढीग. ते हात हलवून हलवून काहीतरी सांगत होते आणि कमल पोट धरून हसत होती. आम्ही अगदी जवळ जाईपर्यंत त्यांना पत्ता नव्हता. "अरे! तुम्ही आलात?" भावजी म्हणाले. "म्हणजे तीन वाजले?" म्हातारा फरास पुटपुटला, "ऐसा इंतज़ाम तो साहब का कभी नहीं देखा." मीही पाहिला नव्हता. चार वर्षांच्या सहलींत पहिल्यांदाच आम्हाला मुक्कामावर गरम पाणी मिळालं नाही, आणि ताईनं पहिल्यांदाच त्यांना एका शब्दानं काही म्हटलं नाही.

ते काय बोलले, ते मी पुढं कमलला विचारलं होतं. ती म्हणाली, मेख तिरपी का ठोकायची हे त्यांनी तासभर सांगितलं, मग दोर कसे वळतात ते. "मी याद केलेलं सगळं विसरून गेले, मामा. मग त्यांनी हातातला दोर खाली ठेवला. आणि म्हणाले, माझे वडील माझ्याशी कधी बोलले नाहीत, पण एकदा कॅम्पात मी झोपलोय असं समजून त्यांनी माझ्यावर गालिचा पांघरला होता. मी जागाच होतो."

फाल्गुनात लग्न झालं. स्टेशनवर निरोपाच्या वेळी सगळ्यांच्या आधी निघून जाणारा हा माणूस फलाटावर सगळ्यांच्या मागं उभा होता. गाडी दिसेनाशी झाल्यावर मला म्हणाले, "मास्तर, तिथं ती पोचायच्या आधी कुणीतरी जायला हवं होतं हो. पाणीबिणी तापवून ठेवायला." घरी आल्यावर मात्र त्यांच्यात एक फरक दिसला. जेवताना त्यांनी वसंताकडे पाहिलं, खाकरले, आणि थेट त्यालाच विचारलं, "ताक?" वसंतानं तीन वाट्या ताक प्यायलं.

लगेच साताऱ्याची फर्द सुरू झाली. यात एक मोठी अडचण होती. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, असा आमच्याकडचा रिवाज, आणि रीत मोडणं भावजींच्या रक्तात नव्हतं. त्यांनी त्यावर तोडगा काढला. कृष्णेच्या काठावर आपली रावटी, आपली चूल, आपला शिधा. लेकीनं तिथं येऊन बसायचं. पुढच्या नाताळात रजा मिळाली आणि ते खरंच गेले. ताईनं आणि मुलांनी दुसऱ्या दिवशी निघायचं होतं, पण ऐन वेळी छबीला गोवर निघाला आणि सगळे राहिले. पेशखाना तेवढा गेला. आठ दिवसांनी परत आले ते खुशीत होते, पण तिकडचं काही सांगेनात. "जागा उत्तम होती," एवढंच म्हणाले.

भावजी जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. मागं कमल आली होती तेव्हा जुन्या गोष्टी निघाल्या. तिची भाषा आता पक्की साताऱ्याची झाली आहे; नानांचा विषय निघाला की मात्र ती परत ग्वाल्हेरची होते. मी विचारलं, "त्या वेळी कृष्णेवर नानांनी इंतजाम तरी कसला केला होता? रावटी ताठ होती का?"

"कसली रावटी, मामा!" ती म्हणाली. "निरोप आला म्हणून मी सकाळी धावत नदीवर गेले, तर रावटी गुंडाळलेलीच पडून होती. नुसत्या दोन सतरंज्या घातलेल्या, आणि एकीवर नाना बसून होते. रस्त्याकडे बघत. थंडी अशी की हात काकडून राहिले होते. मी म्हटलं, नाना, हे काय? अजून पाणीसुद्धा नाही तापवलं? तर म्हणाले, तू आलीस की तापवू म्हटलं. दोघं मिळून."